तळ्याकाठचे रान : कुणी बसून पाहावे, कुणी हिंडून



सुगी उरकून धान्य घरात आले, की आपल्याकडच्या पुष्कळ घरांतून मुंबईची एक फेरी होते. कुणाची लेक घाटकोपरला दिलेली असते, कुणाचा भाऊ अंधेरीला नोकरीत असतो, कुणाचा पुतण्या मुलुंडला भाड्याच्या खोलीत राहतो. चार-सहा दिवसांच्या मुक्कामात राणीची बाग होते, चौपाटी होते, देवदर्शन होते. पोरे बाजारात हिंडून येतात. घरच्या कारभारणीची मात्र नुसती बदली होते. इथल्या चुलीपुढून ती उठते आणि तिथल्या गॅसपुढे उभी राहते. वर्षाकाठी चार दिवस गाव सोडले तरी तिच्या वाट्याला एक मोकळी दुपार काही येत नाही.

म्हणून या वेळी पिकाची आणि खताची गोष्ट बाजूला ठेवून एका सहलीची गोष्ट सांगतो. तिच्या वाटेने शेवटी आपल्याला आपल्याच शिवारात यायचे आहे. तेव्हा ‘साहेबांनी आज भलतेच काय काढले’ असे म्हणू नका.

दोन रेल्वेंच्या मधले जंगल

बोरिवली, गोरेगाव, अंधेरी ही पश्चिम रेल्वेची उपनगरे एका अंगाला. घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही मध्य रेल्वेची दुसऱ्या अंगाला. या दोन्हींच्या मधोमध डोंगराची एक रांग आहे आणि तिच्यावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. जुनी माणसे अजूनही त्याला ‘बोरिवलीचे नॅशनल पार्क’ म्हणतात. क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर, म्हणजे पंचवीस हजार एकरांहून अधिक. ऐन, साग, करंज, मोह, पळस, काटेसावर, उंबर अशी आपल्या ओळखीची झाडे, बांबूची बेटे, चितळ, सांबर, माकडे आणि अडीचशेंहून अधिक जातींचे पक्षी. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत बिबट्या मोकळा फिरतो, अशी जागा साऱ्या जगात क्वचितच सापडेल.

या जंगलाच्या पोटात दोन तलाव आहेत, विहार आणि तुळशी. दोन्ही माणसाने बांधलेले. इंग्रजी अमदानीत मुंबई बेटावर विहिरी आणि टाक्यांचे पाणी पुरेना. १८४५ साली टंचाईवरून लोकांनी मोठी ओरड केली. पुढे १८५६ मध्ये मिठी नदीच्या खोऱ्यात मातीचे बांध घालायला सुरुवात झाली आणि १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला. मुंबईला नळाने पाणी पोचले ते प्रथम या तलावातून. तरीही पाणी पुरेना, म्हणून १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला. जंगलाच्या दक्षिणेला तिसरा तलाव आहे पवईचा. तो १८९१ च्या सुमारास बांधला गेला, पण त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे ठरले नाही.

आज मुंबईची तहान मोठी आहे. भातसा, तानसा, वैतरणा या दूरच्या धरणांतून तिचे बहुतेक पाणी येते. सात जलाशयांत तुळशी आणि विहार यांचा वाटा अगदी थोडा. पण त्यांचे पाणी अजून प्यायला जाते, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

बसून पाहणारे

सहलीला निघालेल्या माणसांत दोन जाती असतात. एक बैठी, दुसरी हिंडी. दोघांना एकाच दावणीला बांधले, की दिवस नासतो. म्हातारा गुडघे धरून चढण चढतो आणि पोरगा त्याच्या मागे रखडत येतो. सकाळीच वाटण्या करून टाकाव्या.

बैठ्या मंडळींसाठी बोरिवलीच्या मुख्य दरवाजापासचा भाग बरा. आतला रस्ता डांबरी आहे, झाडांची सावली आहे. शेजारून दहिसर नदी वाहते. नौकाविहाराचे छोटे तळे आहे. फुलपाखरांची बाग आहे. कुठे बसायचे हे ठरवले, की निम्मे काम झाले. मग दोन तास जागा सोडू नका. पहिला पाऊण तास काही दिसत नाही. माणसांचा आवाज निवला, की खंड्या पाण्यावर येतो, सातभाई पाचोळा उलथतात, धनेश उंबरावर उतरतो. शेतकऱ्याला हे शिकवायला नको. पाखरे हाकायला माळ्यावर बसलेल्या माणसाला गप्प बसण्याची विद्या अवगत असतेच. फरक एवढाच, की इथे पाखरू हाकायचे नसते.

थोडे चालवत असेल त्यांनी कान्हेरीला जावे. मुख्य दरवाजापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. वाहनाची सोय असते, तिकीटखिडकीवर चौकशी करावी. शंभराहून अधिक लेणी काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षे इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. मूर्ती पाहाच, पण आपल्या लोकांनी तिथे आणखी एक गोष्ट पाहावी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दारात पाण्याचे टाके आहे. त्याला पोढी म्हणतात. डोंगरावर पडलेला पाऊस खडकात खोदलेल्या पन्हळींतून खाली यायचा आणि टाक्यात साठायचा. पावसाळा चार महिन्यांचा आणि वस्ती बारा महिन्यांची, ही अडचण त्यांनी छिन्नी-हातोडीने सोडवली. आज आपण पाणलोट, जलसंधारण असे जड शब्द वापरतो, ते काम इथे दोन हजार वर्षांपूर्वी झालेले आहे. दगडावरच्या लेखांत सोपारा, कल्याण, चौल इथल्या दात्यांची दाने नोंदलेली आहेत. कुणी टाके दिले, कुणी शेत दिले. एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावातल्या शेताचा उल्लेख आहे. ते गाव म्हणजे आजचे बोरिवलीजवळचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. आज तिथे मेट्रोचे स्टेशन आहे. ज्या जमिनीचे धान्य भिक्षूंच्या पोटात जात होते, तिथे आता एक वाफाही शिल्लक नाही.

दुसरी बैठी जागा आरे वसाहतीची. गोरेगावच्या पूर्वेला, याच डोंगराच्या पायथ्याशी. शहरातले गोठे बाहेर काढून म्हशी एका ठिकाणी ठेवाव्या आणि लोकांना स्वच्छ दूध मिळावे, म्हणून १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दारा खुरोडी यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. आपल्यासारख्यांना तिथले तबेले आणि ओलीचा पॅरा गवताचा चारा पाहण्यात बागेपेक्षा जास्त रस वाटेल, आणि त्यात काही वावगे नाही.

हिंडून पाहणारे

आता तरुण मंडळी. त्यांना सावलीत बसवले, तर ती तासाभरात मोबाइल काढून बसतील. त्यांना पायवाट हवी, चढण हवी, घाम हवा. या जंगलात तशा वाटा आहेत. शिलोंढ्याची वाट ओढ्याच्या अंगाने जाते. वसई खाडीकडे नागल्याची वाट आहे. या वाटांवर वनखात्याच्या परवानगीने, माहीतगार माणसाला बरोबर घेऊन जावे लागते. चौकशी आदल्या दिवशीच करावी. माहीतगार बरोबर असला, की जंगल बोलू लागते. एरवी ‘झुडूप’ म्हणून आपण ओलांडून जातो ती कारवी असते. सात-आठ वर्षांनी एकदाच ती फुलते आणि फुलून मरते. या डोंगरांवर २००८ साली आणि पुन्हा २०१६ साली तिने उतार जांभळे करून सोडले होते. एवढी वर्षे थांबून एकदाच फुलणारे झाड पोराला दाखवा. पुस्तकात वाचलेले विसरेल, हे विसरणार नाही.

ज्यांना पायी नको, त्यांनी कान्हेरीचा रस्ता सायकलने करावा. चढ आहे, पण रस्ता चांगला आहे. पहाटेनंतर लगेच निघावे. उन्हाळ्यात कातळ दहा वाजताच तापतो. हिंडायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पळस, पांगारा पाहायचा तर फेब्रुवारी-मार्च. पावसाळ्यात रान सर्वांत देखणे असते आणि सर्वांत फसवेही.

विहार आणि तुळशी तलावांच्या काठी मात्र वाटेल तेव्हा जाता येत नाही. ते पिण्याचे पाणी आहे, म्हणून तिथे पहारा असतो. काही तरुणांना हाच मोह पडतो. कुंपण ओलांडायचे, पाण्यात उडी टाकायची, फोटो काढायचा. त्याला ते साहस म्हणतात. मी त्याला आडदांडपणा म्हणतो. साहस करणारा आधी पाणी जोखतो, वाट विचारतो, घरी सांगून निघतो आणि परतीची वेळ पाळतो. आडदांडाला यातले काहीच लागत नाही. त्याचे मोल त्याच्या आईबापांना मोजावे लागते.

पवईच्या तलावात मगरी आहेत. त्या कुठल्या प्राणिसंग्रहालयातल्या नव्हेत, तलावातच राहणाऱ्या, वाढणाऱ्या आहेत. काठावर बसून पाहायला हरकत नाही. गळ टाकून मासे धरण्याची हौस असलेल्यांची जुनी संस्थाही तिथे आहे. पण पाण्यात पाय सोडून बसू नये. याच तलावाच्या काठाने महानगरपालिकेने सायकलींचा मार्ग बांधायला घेतला होता. २०२२ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि घातलेला भराव काढायला सांगितले. हिंडणाऱ्यांची हौस खरी, पण तळ्याचा काठ बुजवून ती भागवायची नाही, असा त्याचा साधा अर्थ. याच तलावावर जलपर्णी माजते, कारण आजूबाजूचे सांडपाणी त्यात उतरते. उजनीच्या आणि इंद्रायणीच्या काठच्या वाचकांना हे दुखणे सांगायला नको.

ओढ्याची भाषा

पावसाळ्यातली एक गोष्ट बैठ्यांनी आणि हिंड्यांनी दोघांनीही ऐकावी. सह्याद्रीचा कातळ पाणी फार पीत नाही. माथ्यावर सर आली, की थोड्याच वेळात ती ओढ्यात उतरते. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असेल, तरीही वरून लोंढा येतो. त्याची चिन्हे ठरलेली असतात. नितळ पाणी एकाएकी गढूळ होते. काड्या, पाचोळा, फेस वाहत येतो. पाण्याचा आवाज जड होतो. यातले एक जरी चिन्ह दिसले, तरी चपला आणि डबे तिथेच टाकून वर चढावे. चपला पुन्हा घेता येतात.

२६ जुलै २००५ ला मुंबईने हे मोठ्या मापात पाहिले. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडच्या अवर्षणी तालुक्यांत दोन वर्षांत मिळूनही इतका पडत नाही. विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी उपनगरांत घुसली आणि शेकडो माणसे गेली. नदीचे पात्र भराव घालून अरुंद केलेले, नाले बुजवलेले. पाण्याने आपली जुनी जागा मागितली. बांध कोरून ओढ्याचे पात्र आपल्या सर्व्हे नंबरात ओढणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

बिबट्याकडून घ्यायचा धडा

या जंगलात आणि त्याच्या कडेला अलीकडच्या मोजणीत पन्नासच्या आसपास बिबटे आढळले आहेत. जंगलाला लागून लाखो माणसे राहतात. पूर्वी इथे माणसांवर हल्ले झालेले आहेत आणि पुढे होणारच नाहीत, असे कुणी म्हणू नये. पण एवढ्या शेजारात दोघे नांदतात कसे, ते पाहण्यासारखे आहे. जंगलातले आणि आरेतले वारली वाघोबाला देव मानतात. तो त्यांचा शेजारी आहे. रात्री एकटे पोर बाहेर सोडत नाहीत, वावरताना बोलत-आवाज करीत चालतात. शहरातल्या जाणत्या लोकांनीही आता ओळखले आहे, की उकिरडा वाढला की कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून पहिले काम कचरा हटवण्याचे.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले भागातल्या वाचकांना बिबट्या बघायला बोरिवलीला जायची गरज नाही. त्यांच्या उसात तो घर करून आहे. पण धडा तोच आहे. तिन्हीसांजेनंतर पोरांना मधे घालून चालावे, हातात विजेरी आणि घुंगराची काठी असावी. उसाच्या कडेला परसाकडे बसू नये, कारण खाली बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. शेळ्या-वासरे बंद गोठ्यात असावीत. दिसला, तर गर्दी करून त्याची वाट अडवू नये. ऊसतोडीत पिल्ले सापडली, तर घरी आणू नयेत, हाताळू नयेत. तोड थांबवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बहुतेक वेळा मादी रात्री येऊन पिल्ले घेऊन जाते. ती न मिळाल्यावर ती काय करील, हे तुम्ही-आम्ही गाय व्यालेली पाहिलेली माणसे जाणतो.

आपल्या शिवारातले तळे

आता मुद्द्यावर येतो. मुंबईच्या तलावांना कुंपण आहे, पहारा आहे. आपल्या शेततळ्यांना काय आहे? २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून गावोगाव तळी झाली. पाण्याची सोय झाली, फळबागा जगल्या. पण प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले तळे म्हणजे बाहेर येण्याची वाट नसलेली विहीर आहे. अस्तर ओले झाले, की त्यावर शेवाळ धरते. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाला येतो आणि घसरून पुन्हा आत जातो. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे पोहायला उतरतात आणि वर्तमानपत्रात तीच बातमी येते. एकाला वाचवायला दुसरा जातो, त्याच्यामागे तिसरा.

यावर उपाय महाग नाहीत. तळ्याच्या चारी बाजूंना जाळीचे किंवा काटेरी तारेचे कुंपण घाला आणि फाटकाला कुलूप लावा. प्रत्येक बाजूला जाड दोर काठावरच्या भक्कम खुंटाला बांधून तळापर्यंत आत सोडा. दोराला हात-हात अंतरावर गाठी मारा, म्हणजे धरून वर येता येते. हवा भरलेल्या जुन्या ट्यूबा किंवा बूच घट्ट लावलेले रिकामे कॅन दोराला बांधून पाण्यावर तरंगत ठेवा. कुणी बुडताना दिसला, तर स्वतः उडी टाकू नका. दोर, बांबू, लुगडे, जे हाती लागेल ते फेका आणि ओरडून माणसे जमवा. हे घरातल्या लहानथोरांना एकदा तळ्यावर नेऊन करून दाखवा. सांगितलेले विसरते, केलेले राहते.

पोरांची पाण्याची ओढ मात्र मारू नका. पोहणे शिकवायचे वय सात-आठ वर्षांपासून. गावच्या पायऱ्यांच्या विहिरीत, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, कमरेला भोपळा किंवा डबा बांधून शिकवा. मुलींनाही शिकवा. बुडताना पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही.

आणि एवढे झाल्यावर, त्याच गावतळ्याच्या काठावर दोन झाडे राखा. पाझर तलावाच्या वरच्या अंगाला चराई थोडी आवरा, म्हणजे गाळ कमी येईल आणि हिवाळ्यात बदके उतरतील. भंडारा-गोंदियाकडच्या कोहळी मंडळींनी कित्येक पिढ्यांपूर्वी भातासाठी तलाव बांधले, आणि आज नवेगावबांधला लोक दूरदूरहून पाखरे पाहायला येतात. शेतीसाठी केलेले तळे आणि मनासाठी असलेले तळे ही दोन असावी लागत नाहीत.

मुंबईला निघणाऱ्यांसाठी

थोडक्यात सांगतो. उद्यान सोमवारी बंद असते. रविवारी गर्दी उसळते, म्हणून मधला वार धरा. लोकलने आलात, तर बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरा, दरवाजा फार दूर नाही. घाटकोपरहून येणाऱ्यांनी मेट्रो धरावी. द्रुतगती महामार्गाच्या स्टेशनावर उतरून गुंदवलीहून दुसरी मेट्रो घेतली, की ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचेच स्टेशन येते. प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊ नका. भाकरी फडक्यात बांधा आणि झाकून ठेवा, माकडे हातातली हिसकावतात. त्यांना खायला घालू नका, चूल पेटवू नका, उष्टे टाकू नका. तिन्हीसांजेच्या आत बाहेर पडा.

आणि डबा करायचे काम त्या दिवशी पुरुषांनी अंगावर घ्यावे. भाकरी जमत नसेल, तर पाव आणि केळी विकत घ्या. कारभारणीला सावलीत बसवा आणि ‘ऊठ, हे दे, ते आण’ असे दिवसभर कुणी म्हणू नका. तिला बसून पाहायचे आहे की हिंडून, हे तिला एकदा विचारा. बऱ्याच घरांत हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. तिचे उत्तर ऐकून कदाचित तुम्हालाच चकित व्हायला होईल. डोंगर चढायला ती सगळ्यांच्या पुढे निघेल.

तुमच्या गावच्या तळ्यावर कुंपण आणि दोर झाला, की पत्राने जरूर कळवा. पुढच्या वेळी पुन्हा पिकाकडे वळू.